वाहक म्हणजे कंडक्टर

प्रथिनांबद्दल लिहायचा अधिकार ज्यांना आहे ती माणसं वेगळी. त्यांनी एकेका रेणूच्या मागे आयुष्यं घालवली आहेत. मी डहाणूच्या कॉलेजातून बीएस्सी झालेला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मुलगा. मला जे माहीत आहे ते पाठ्यपुस्तकातलं आणि आमच्या एका मॅडमच्या लॅपटॉपवर पाहिलेलं. त्यामुळे हे लिहायला घेतलं तेव्हा संकोच वाटला, आणि दोन-तीनदा अर्ध्यावर सोडूनही दिलं. शास्त्रातलं काही चुकलं असेल तर जाणकारांनी रागावू नये, समजावून सांगावं. घरच्या माणसांबद्दल त्यांना न विचारता लिहितोय, म्हणून त्यांचीही माफी मागतो. त्यांच्यातले बरेच जण हे वाचू शकणार नाहीत, त्यामुळे ही माफी मागणं मला सोपं जातंय, हेही कळतं.

आणखी एक गोष्ट. आमच्या पाड्यावर बोलतात ती बोली मी इथे तशीच्या तशी उतरवलेली नाही. ती कशी लिहायची हे मला कोणी शिकवलं नाही. शाळेत गेल्यावर आधी ती सोडायलाच शिकवलं. म्हणून माणसांची बोलणी थोडी धुऊन लिहिली आहेत.

२०१४ साली मी तलासरीला वसतिगृहात राहून अकरावी करत होतो. एके दिवशी आमचं रक्त तपासायला आरोग्य खात्याची माणसं आली. बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब एका बारीक नळीतल्या औषधात टाकायचा. नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरलेला. नळीतून रेघा दिसल्या की मुलगा सुटला. पाणी गढूळ राहिलं आणि रेघा दिसल्या नाहीत, की त्याला दुसऱ्या बाजूला उभं करायचे. आजाराचं नाव त्यांनी सिकलसेल असं सांगितलं. अर्ध्या वसतिगृहाने ते सायकल असं ऐकलं. शाळेतल्या मुलींना तेव्हा सायकली मिळायच्या, त्यामुळे आमच्यातला एक जण सरळ विचारून आला, "सर, मुलांना कधी देणार?" दिवसभर आम्ही त्यावर हसत होतो.

माझ्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. जे मुलगे दुसऱ्या बाजूला उभे होते त्यांच्या रक्ताचं पाणी गढूळ का झालं, हा प्रश्नही पडला नाही.

माझी ताई माझ्याहून मोठी. ती सातवीनंतर घरी राहिली म्हणून मी शिकलो, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. तिला गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या बाजूला दिलं. भावजी तिथेच हायवेवर ट्रक धुण्याच्या सेंटरवर कामाला होते. पाण्याचा जाड पाइप खांद्यावर घेऊन दिवसभर भिजायचं. माणूस मजेचा. मराठी, गुजराती आणि हिंदी एका वाक्यात बोलायचा आणि तिन्ही भाषांत समोरच्याला हसवायचा. मी कॉलेजात जाणार हे ठरल्यापासून त्यांनी मला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली होती. बीएस्सी करून डॉक्टर होत नाही हे मी पुष्कळदा सांगितलं. "नाय तर नाय, आम्हाला कुठे ऑपरेशन करून घ्यायचंय," असं म्हणायचे आणि परत डॉक्टरच म्हणायचे.

२०१६ मध्ये ताईला दिवस गेले. आरोग्य केंद्रात गरोदर बायकांचं रक्त तपासतात तसं तिचंही तपासलं, आणि नवऱ्याला घेऊन ये असा निरोप दिला. ताईने मलाही बोलावलं, कारण मी शिकलेला. भावजींचंही रक्त घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि समजावून सांगू लागल्या. बाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या.

"तुम्ही दोघंही सिकलसेलचे वाहक आहात," त्या म्हणाल्या.

भावजींनी विचारलं, "वाहक म्हणजे? एसटीत सीटच्या वर लिहिलेलं असतं ते?"

सिस्टरांना हसू आलं. "शब्द तोच."

"म्हणजे कंडक्टर!" भावजी ताईकडे वळले. "ऐकलंस का गं? मी पण कंडक्टर, तू पण कंडक्टर. मग आपली गाडी चालवतो कोण?"

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. ताईने पदर तोंडाला लावला. मीही हसलो. ते हसणं ओसरेपर्यंत सिस्टर थांबल्या, मग म्हणाल्या, "घाबरू नका. तुम्हाला काही होणार नाही. पण बाळाला होऊ शकतं. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला होते, तिची वेळ आता निघून गेलीय. बाळ जन्मलं की त्याचं रक्त तपासून घ्या."

मी नंतर पुष्कळ विचार केला, पण त्या बाईंचं कुठे चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी बरोबर शब्द वापरला आणि बरोबर तेच सांगितलं. पण आपल्या भाषेत "तुम्हाला" म्हटलं की त्यात किती माणसं येतात याला हद्द नाही. ताई, भावजी, ताईची सासू, पोटातलं बाळ आणि दारातलं कुत्रं, सगळे त्या "तुम्हाला"मध्ये बसले. पुढचं वाक्य "पण"ने सुरू झालं होतं, ते घरापर्यंत पोचलं नाही. घरी पोचलं ते एवढंच की दोघं कंडक्टर आहेत आणि तुम्हाला काही होणार नाही.

कंडक्टर हा शब्द मात्र हायवेभर झाला. भावजींनी स्वतःच तो सेंटरवर सांगितला. मग ट्रकवाले यायचे आणि ओरडायचे, "ओ कंडक्टर, एक टिकट सूरत का!" भावजी पाइपचं पाणी त्यांच्या काचेवर मारून म्हणायचे, "आगे खाली है, आगे बढ़ो!" मी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला, की भावजी, कंडक्टरला स्वतःला गाडीचं तिकीट काढावं लागत नाही, पण तो दुसऱ्याच्या हातात तिकीट देतो. दोघांनीही तेच तिकीट दिलं तर पोराला जावं लागतं. मला वाटलं उदाहरण चांगलं जमलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, पोर जन्माला तर येऊ दे. आतापासून तिकिटं काय फाडतोस?"

मुलगी झाली. इतकी गुटगुटीत, की पाड्यावरच्या बायका तिला कडेवर घ्यायला रांग लावायच्या. मी रक्त तपासायचा विषय काढला तेव्हा ताईची सासू म्हणाली, "अंगावर पिणारं पोर, त्याच्या बोटाला सुया टोचायच्या? तुझ्या पुस्तकातलं आजारी पोर दाखव बघू मला. हे असं असतं? उचलून बघ, तुझा हात दुखेल." मी उचललं. खरंच जड होती. माझा अंगठा तिने मुठीत धरला आणि सोडेना. मला वाटलं, असेलही. आईबाप दोघंही वाहक असले तरी चार पोरांतल्या तिघांना हा आजार होत नाही असं पुस्तकातच लिहिलेलं होतं. आपली त्या तिघांतली असेल.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरली तेव्हा तिला घेऊन सगळे गेले. सासूने नारळ ठेवला. जत्रेतून आल्यावर थोड्या दिवसांतच पोरीचे हात आणि पाय सुजले. बोटं फुगून ताठ झाली. तिला मूठ मिटता येईना आणि कोणी पायाला हात लावला की ती किंचाळायची. मी तिकडे गेलो तेव्हा सूज थोडी उतरली होती. तिच्या मनगटांवर आणि पोटावर बारीक काळे डाग होते, कडेला लाल. तापवलेल्या लोखंडाने डाग देणारा एक म्हातारा जवळच्या पाड्यावर आहे. त्याला बोलावलं होतं.

"डाग दिल्यावर रडायची थांबली रे," ताई म्हणाली.

"दमली असेल ताई."

"तू नव्हतास तेव्हा. तू बघितलं नाहीस ती कशी रडत होती." मग हळू आवाजात म्हणाली, "मी पाय धरले होते तिचे. तिच्या आजीने हात, मी पाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डहाणूला दवाखान्यात नेलं. रक्ताची खरी तपासणी तिथून पुढे पाठवून झाली. त्यात रक्तातलं प्रथिन एका पट्टीवर विजेने ओढतात. निरोगी माणसाचा पट्टा एका ठिकाणी थांबतो, वाहकाचे दोन पट्टे पडतात आणि आजारी माणसाचा एकच, पण मागे राहिलेला. भाचीचा मागे राहिलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भावजींनी कोणतीच भाषा वापरली नाही. बाहेर आल्यावर पाण्याच्या नळाखाली डोकं धरून उभे राहिले. त्यानंतर सेंटरवर कोणी कंडक्टर म्हणून हाक मारली की ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

मी तेव्हा पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती. दुसऱ्या वर्षी आम्हाला जीवरसायन शिकवायला एक नवीन मॅडम आल्या. त्या सुट्टीत मुंबईला एका संस्थेत प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि तिथे पाहिलेलं सांगताना अभ्यासक्रम विसरायच्या. त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल एका सूक्ष्मदर्शकाच्या पद्धतीला मिळालं होतं. प्रथिनाचं पाणी क्षणात इतकं थंड करायचं की बर्फाचे स्फटिक व्हायलाही वेळ मिळत नाही. प्रथिन जसं होतं तसंच काचेत अडकल्यासारखं थिजतं. मग त्याची वेगवेगळ्या बाजूंनी हजारो चित्रं काढून ती जुळवतात आणि त्यातून त्याचा आकार उभा राहतो. मॅडम म्हणायच्या, "पूर्वी आपण प्रथिनाचं नाव आणि काम शिकायचो. आता त्याचा चेहरा दिसतो."

एकदा तास संपल्यावर मी थांबलो आणि हिमोग्लोबिनचा चेहरा दाखवाल का असं विचारलं. त्यांनी लॅपटॉप उघडला. जगभरातल्या लोकांनी शोधलेल्या रचना इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पडद्यावर रंगीत दोऱ्यांच्या चार गुंड्या एकमेकींना टेकून बसलेल्या दिसल्या. दोन एका रंगाच्या, दोन दुसऱ्या. प्रत्येक गुंडीच्या पोटात लोखंडाचा एक ठिपका. मॅडमनी माउस माझ्या हातात दिला. मी ते फिरवत राहिलो. प्राणवायू घेतल्यावर चारही गुंड्या थोड्या वळतात आणि सोडल्यावर परत पहिल्यासारख्या बसतात. ते बघताना मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाचं वाईट वाटलं.

"मॅडम, सिकलसेलचं असतं का यात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण घरी कोणाला आहे का असं विचारलं नाही. दुसरी रचना उघडली. पहिलीशी अगदी जुळी. मग एका दोऱ्याच्या टोकाजवळ बोट ठेवलं. "ही सहावी जागा. इथे पाण्याला धरून राहणारा एक तुकडा असायला हवा. त्याच्या जागी हा तेलकट तुकडा आलाय. बाकी काहीही बदललेलं नाही."

"एवढ्याने?"

"एवढ्याने. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खोबण उघडी पडते. हा तुकडा नेमका तिच्यात बसतो. त्याला तिसरा चिकटतो, त्याला चौथा. लांब दोरखंड तयार होतो. गोल पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की पलीकडे रक्त जात नाही. म्हणून दुखतं."

वसतिगृहात गढूळ झालेल्या नळ्या मला तेव्हा कळल्या. ते पाण्यात न विरघळलेलं प्रथिन होतं. मी विचारलं की मूल आधी चांगलं गुटगुटीत असतं आणि मग अचानक कसं आजारी पडतं. मॅडमनी तिसरी रचना काढली. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. त्यात तो बिघडलेला दोराच नसतो, त्याच्या जागी दुसराच असतो. जन्मल्यावर काही महिन्यांत शरीर ते हळूहळू बंद करतं आणि मोठ्या माणसाचं सुरू करतं. तोपर्यंत आजार दिसत नाही.

म्हणजे ताईची सासू खोटं बोलत नव्हती. तिने उचलून दाखवलेलं पोर खरंच निरोगी होतं. आमच्या पोरीच्या वाट्याला तेवढेच महिने आले होते, आणि ते आम्ही माझं पुस्तक खोटं पाडण्यात घालवले.

दवाखान्यातून पोरीला ज्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्यांचंही काम मॅडमनीच मला सांगितलं. ते बंद पडलेलं लहानपणचं हिमोग्लोबिन त्या थोडं थोडं परत सुरू करतात. आणखीही शोध चालू होता. हिमोग्लोबिनच्या टोकाला जाऊन बसेल आणि त्याला प्राणवायू सोडू देणार नाही असं औषध काही लोकांनी त्याचा आकार बघूनच घडवलं होतं, आणि ते माणसांवर तपासत होते. प्राणवायू सुटला नाही तर खोबण उघडत नाही, आणि दोरखंड होत नाही.

हे सगळं मी ताईला सांगायला गेलो. ती ओट्यावर बसून ब्लाउजला टिचबटणं लावत होती. पोर तिच्या पाठीवर रेलून उभी होती. मी तिच्या हातातलं टिचबटण घेतलं. "समज, रक्तात अशा पुष्कळ पिशव्या आहेत. त्या सुट्ट्या फिरायला हव्यात. पण हिच्या प्रत्येक पिशवीला चुकून एक टिचबटण शिवलं गेलंय. ते शेजारच्या पिशवीत बसतं. मग सगळ्या एकमेकींना अडकतात."

ताईने टिचबटण दाबून बघितलं. टिच्च झालं. परत उघडलं. "मग उसवून टाकता येत नाही?"

"नाही. प्रत्येक पिशवीला आहे ते. नवीन पिशवी होते तीही तशीच शिवून येते."

"कोणी शोधत असेल ना पण काहीतरी?"

"शोधतायत."

"कुठे? मुंबईला?"

"लांब. अमेरिकेत वगैरे. आपल्याकडेही असतील."

"तुझ्या मॅडमना सांग त्यांना फोन करायला," ताई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. त्यानंतर मी गेलो की ती आधी चहा ठेवायची आणि मग विचारायची, "मिळालं का रे त्या लोकांना?" मी सांगायचो की अजून तपासतायत. ती म्हणायची, "बरं. तपासू दे." जणू ते लोक अच्छाडच्या नाक्यावरच बसले आहेत आणि पुढच्या आठवड्यात येतील.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. लहान मुलांच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, हे वाकडं झालेलं रक्त कधी कधी एकदम साठतं. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली बोटं ठेवून बघायचं. पानथरी हाताला लागायला लागली, मोठी वाटली आणि पोर पांढरीफटक पडली, तर गोळी देत बसायचं नाही. जिथे रक्त चढवतात तिथे लगेच पोचायचं. ताई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी पोरीचं पोट चाचपायची. भावजीही शिकले. पोरीला वाटायचं हा गुदगुल्यांचा खेळ आहे. ती स्वतःच फ्रॉक वर करून उभी राहायची.

गोळ्यांवर तिचं वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मधे ताप आला, एकदा पाय दुखून चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं, पण त्यामानाने बरं. ती बोलायला लागली. सेंटरवर बापाबरोबर जायची आणि ट्रकवाल्यांकडून हिंदी-गुजराती शिकून यायची. भावजींनी सोडलेलं नाव कोणीतरी तिला सांगितलं असणार, कारण ती आंब्याची पानं गोळा करून दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायची. "मामा, तिकीट!" मी पान घ्यायचो. "कुठचं आहे गं?" ती गंभीरपणे विचार करायची आणि म्हणायची, "वापी. उतरा आता."

भावजी पहिल्यांदा हे बघून उठून आत गेले होते. मग सवय झाली. एकदा तेच मला म्हणाले, "डॉक्टर, आम्ही दोघांनी दिलं ते तिकीट ती आता सगळ्यांना वाटून टाकतेय बघ. संपेल एखाद्या दिवशी."

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. आधी वाटलं कुठे सुरुंग लावतायत. मग भिंतींना चिरा गेल्या, आणि धक्के येतच राहिले. घरात झोपायची कोणाची हिंमत होईना. पुढे तंबू आले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी प्लास्टिक बांधलं. ताईच्या घरची सगळी माणसं त्या थंडीत अंगणात प्लास्टिकखाली झोपत होती.

थंडीने या पोरांचं रक्त लवकर अडकतं, हे मला माहीत होतं आणि ताईलाही माहीत होतं. मी भावजींना म्हटलं, पोरीला तरी घरात झोपवा. ते म्हणाले, "आणि भिंत पडली तर?" मग त्यांनीच तोड काढली. "तुझ्या मॅडमना विचार," ते म्हणाले, "पोरीला आत ठेवू की बाहेर. जे सांगतील ते करतो." मी मॅडमना विचारलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरातली एक जाड रजई माझ्याकडे दिली. पोर त्या रजईत गुंडाळून बाहेर झोपायची. जानेवारीत तिला खोकला झाला. औषधाने कमी व्हायचा आणि परत यायचा.

मार्चमध्ये माझ्या शेवटच्या सेमिस्टरची प्रॅक्टिकलं सुरू झाली. मी डहाणूलाच खोली घेऊन राहत होतो. रोज संध्याकाळी ताईला फोन करायचो. एका मंगळवारी फोन भावजींनी उचलला. ताई पाण्याला गेली आहे म्हणाले. खोकला कसा आहे विचारलं, तर म्हणाले, "झोपलीय. तू अभ्यास कर." दुसऱ्या दिवशीही त्यांनीच उचलला. "झोपलीय." त्यांचा आवाज बसलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, पाइपचं थंड पाणी, घसा धरलाय. मी घरी बाबांना फोन केला, ते म्हणाले सगळं ठीक आहे, तू पेपर नीट दे. बाबा कधी "नीट" म्हणत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी पुढे काही विचारलं नाही.

शेवटच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला प्रथिनाच्या आकाराबद्दल विचारलं आणि मी हिमोग्लोबिनचं उदाहरण दिलं. सहावी जागा, तेलकट तुकडा, खोबण, सगळं न अडखळता सांगितलं. ते म्हणाले, व्हेरी गुड. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली. मी खूश होऊन बाहेर आलो तर फोन वाजत होता. भावजी होते.

"झालं सगळं?"

"झालं. आत्ताच झालं."

"आता एकही नाय ना? नक्की?"

"प्रॅक्टिकलं संपली. लेखी एप्रिलमध्ये आहेत."

"काय विचारलं साहेबांनी?"

"हिमोग्लोबिन."

"आलं तुला?"

"आलं भावजी. उद्या सकाळी निघतो मी. पोरीला काय आणू?"

 मागे हायवेचा आवाज येत होता, म्हणजे ते सेंटरवरून किंवा रस्त्यावरून बोलत होते. मग त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणायला लागल्यापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"काही आणू नको," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी तुझ्या ताईने पोट बघितलं. पानथरी बेंबीपर्यंत आली होती. लगेच निघालो आम्ही, चूलही पेटवली नाय. पहिल्या दवाखान्यातून रक्त चढवायला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं, गाडी पण दिली त्यांनी. ताईच्या मांडीवर होती. आम्ही काय चुकवलं नाय रे, जसं सांगितलं होतं तसंच केलं. सिल्वासा यायच्या आधीच गेली."